क्लासची फी भरण्याआधी थ्रीडी ॲनिमेशन समजून घ्या

दहावीचा निकाल लागला की निडी, नागोठणे, रोह्याकडचे पालक विचारतात, "सर, पोरगा ॲनिमेशन शिकायचं म्हणतोय. क्लासवाले मोठी फी सांगतात. भरू का?" माझं उत्तर एकच : आधी हा हुनर आहे तरी काय, ते बघा.

यात तीन कामं असतात. पहिलं मॉडेलिंग. आपल्या शेजारच्या पेणमध्ये मूर्तींच्या कारखान्यात कारागीर शाडूच्या मातीला आकार देतो, तसंच हे. फक्त इथे माती नसते; पडद्यावर ठिपके आणि रेषा ओढून वस्तू उभी करायची. दुसरं रिगिंग. तयार आकाराच्या आत हाडं आणि सांधे बसवायचे. सांधा चुकीच्या जागी बसला तर हात वाकताना कोपर चेपतं. तिसरं ॲनिमेशन. सिनेमात एका सेकंदाला साधारण २४ चित्रं लागतात. मुख्य स्थिती आपण ठरवायच्या, मधल्या कॉम्प्युटर भरतो. पण चालण्यात वजन दिसतंय का, हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं. म्हणून चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट वाया जात नाही.

हे सगळं ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर शिकता येतं. २००२ पासून ते सर्वांसाठी खुलं आणि मोफत आहे. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा मांजराचा सिनेमा यावरच बनला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे मोफत धडे आहेत; आवृत्ती जुनी असली तरी पाया कळतो. मोबाईलवर मात्र जमणार नाही. किमान ८ जीबी रॅमचा कॉम्प्युटर हवा.

काही घरांत दुसरा सवाल असतो : सजीवांची तस्वीर बनवणं जायज आहे का? यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत. तुम्ही ज्यांना मानता त्या आलिमांना विचारा. पण एवढं लक्षात ठेवा, की इमारती, यंत्रं, फर्निचर, झाडं यांची मॉडेल्स बनवण्याचंही मोठं काम या क्षेत्रात आहे. तेवढ्यासाठी मुलाला किंवा मुलीला सरसकट नाही म्हणू नका.

फी भरण्याआधी तीन महिने द्या. पहिल्या महिन्यात घरातला चहाचा कप बनवू दे, दुसऱ्यात उघडझाप करणारा दरवाजा, तिसऱ्यात उसळणारा चेंडू. चेंडू खरा वाटेपर्यंत पोरगं दहा वेळा खोडून पुन्हा करत बसलं, तर त्याच्यात सब्र आहे. मग पैसे खर्च करा. आठ दिवसांत कंटाळलं, तर तुमची फी वाचली.