वंशद्वेष आणि प्रथम खबर

वंशद्वेष म्हटला की दक्षिण आफ्रिकेकडे बोट दाखविण्याची आपली जुनी सवय आहे. तेथील भारतीयांचा प्रश्न १९४६ साली आपणच संयुक्त राष्ट्रसंघात नेला आणि श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांनी तो तडफेने मांडला, याचा अभिमान रास्तच आहे. तथापि बंगळूरसारख्या, सर्व प्रांतांतील लोक पोटापाण्यासाठी येतात अशा शहरातील दोन प्रसंग पाहिले म्हणजे ते बोट आपसूक खाली येते.

ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातील कोक्राझारच्या दंगलीचे पडसाद पुण्यात उमटले. ईशान्येकडील तरुणांना तेथे मारहाण झाली. पाठोपाठ बंगळुरात अफवा पसरली. स्वातंत्र्यदिनापासून पुढे हजारो विद्यार्थी, पहारेकरी आणि उपाहारगृहांतील वाढपी स्टेशनावर लोटले. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने घाऊक लघुसंदेशांवर पंधरा दिवस बंदी घातली, दिलासाही दिला, तरी लोक थांबेनात. अफवा खोटी होती. परंतु ज्याला रोज चेहऱ्यावरून परका ठरविले जाते, त्याला ती खोटी कशी वाटावी?

दुसरा प्रसंग ३१ जानेवारी २०१६ चा. हेसरघट्ट्यानजीक एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एक स्त्री दगावली. काही वेळाने तेथून जाणाऱ्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीस जमावाने मारहाण केली व तिची मोटार जाळली. अपघाताशी तिचा काडीचाही संबंध नव्हता; कातडीचा रंग तेवढा सारखा. अटका झाल्या, काही पोलीस निलंबित झाले. मात्र हा वंशद्वेषाचा प्रकार नव्हे, असे राज्याचे तत्कालीन गृहमंत्री जी. परमेश्वर यांनी सांगितले.

खरी गोम येथेच आहे. मारहाण डोळ्यांना दिसते आणि तिची कलमे ठरलेली असतात. तिच्यामागील द्वेष कागदावर येत नाही. प्रथम खबरीत जे उतरले नाही, ते पुढे न्यायालयात शाबीत करणे फार कठीण.

दिल्लीत अरुणाचलाच्या एका विद्यार्थ्याचा बळी गेल्यावर २०१४ साली बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी स्वतंत्र कलमे सुचविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती आली नाहीत. वंश, भाषा, जन्मस्थान यांवरून पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनास कलम १०३(२) खाली फाशी वा जन्मठेप, आणि जबर दुखापतीस कलम ११७(४) खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. चौघांनीच मारले तर? किंवा एकट्यानेच भररस्त्यात कुचेष्टा केली तर? या कलमांना ते दिसत नाही.

खबर आता कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीची सबब चालत नाही आणि प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवावी, तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. हल्लेखोरांनी उच्चारलेले शब्द, मग ते कितीही ओंगळ असोत, जसेच्या तसे लिहवून घ्यावेत. हेतू त्यांतच असतो. अडचण एवढीच की, मार खाणाऱ्याला ते पुष्कळदा कळलेलेच नसतात. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला कन्नड उत्तम येते. ठाण्यात सोबत जाऊन ते शब्द सांगणे त्याला सहज जमण्यासारखे आहे.