दगडातली शाई

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस गावाजवळचे कडे म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. हिवाळी वादळांत दरडी कोसळल्या की आतले जीवाश्म उघडे पडतात. वेळीच उचलले नाहीत तर समुद्र गिळून टाकतो. म्हणून जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग ऐन थंडीत, ओहोटी साधून बाहेर पडायची. १८३३ मध्ये दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे गाडला गेला; ती थोडक्यात वाचली.

सुतारकाम करणारे तिचे वडील १८१० मध्ये कर्ज मागे ठेवून वारले. जीवाश्म विकण्यावर घर चालू लागलं. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या नामशेष सागरी सरीसृपाचा संपूर्ण सांगाडा सापडला. मान एवढी लांब, की पॅरिसचे थोर शास्त्रज्ञ कुव्हिए यांना तो बनावट वाटला. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत भूवैज्ञानिक कोनिबेअर यांनी त्याचं वर्णन मांडलं, ते मेरीचं नावही न घेता.

ट्रेसी शेव्हालिए यांच्या ‘रिमार्केबल क्रीचर्स’ या २००९ च्या कादंबरीत मेरी आणि तिची वीसेक वर्षांनी मोठी मैत्रीण एलिझाबेथ फिल्पॉट आळीपाळीने आपली कहाणी सांगतात. इतिहासाने गप्प ठेवलेल्या बायकांना बोलतं करणं मला फार मोलाचं वाटतं. मात्र या दोघींची बुद्धी कशी चालायची, हे कळायला कल्पनेची गरज नाही; त्यांनी खरोखर काय केलं, ते पाहणं पुरेसं आहे.

किनाऱ्यावर मिळणाऱ्या वेड्यावाकड्या खड्यांना लोक ‘बेझोअर’ म्हणत. मेरीच्या लक्षात आलं, की ते इक्थिओसॉर या दुसऱ्या नामशेष सागरी सरीसृपाच्या सांगाड्यात नेमके पोटाच्या जागी असतात आणि फोडले की आत माशांची हाडं, खवले निघतात. ती विष्ठा होती! भूवैज्ञानिक बकलंड यांनी १८२९ मध्ये हाच निष्कर्ष मांडला आणि नामशेष प्राणी काय खात होते, याचा थेट पुरावा विज्ञानाच्या हाती आला.

बेलेम्नाइट हे माकुळाच्या गोतातले प्राणी. त्यांच्या जीवाश्मांतली शाईची पिशवी मेरीने ओळखली. माकुळं चिरून त्यांची रचना तिने ताडून पाहिली होती. एलिझाबेथने ती वाळलेली शाई कुटली, पाण्यात कालवली आणि त्याच शाईने इक्थिओसॉरची कवटी रेखाटली. चित्राचा रंग आजही तपकिरी, स्पष्ट आहे.

१८३४ मध्ये माशांच्या जीवाश्मांचे तज्ज्ञ लुई आगासी लाइमला आले. कोणता तुकडा कोणत्या माशाचा, हे या दोघींनी त्यांना दाखवलं. आपल्या ग्रंथात त्यांनी दोघींचे आभार मानले आणि माशांच्या जातींना दोघींची नावं दिली. स्त्रियांना सदस्यत्व द्यायला जिऑलॉजिकल सोसायटीने मात्र १९१९ साल उजाडू दिलं.