अंगालगतचे वस्त्र

मॉर्मन लोक कपड्यांच्या आत जे धार्मिक वस्त्र घालतात त्यावर आम्ही बोलणार, असे कळल्यावर व्याख्यानमालेच्या एका चालकांनी आम्हांला विचारले, "तुम्ही कामगार चळवळीतले माणूस. हा विषय तुम्हांला कोठे सापडला?" प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण धड झाले नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटण्याची वाट पाहत बसून वाचले. पण तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत सभा घेताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. ज्या अडचणीविषयी माणसाला चारचौघांत बोलता येत नाही, ती अडचण सर्वांत जास्त दिवस टिकते. पगार कमी असेल तर कामगार ओरडून सांगतो. कापड अंगाला टोचत असेल तर तो गप्प बसतो, आणि ती स्त्री असेल तर अधिकच गप्प बसते. मॉर्मन वस्त्राची हकीकत वाचताना आम्हांला हीच गोष्ट पुन्हा दिसली, म्हणून हा विषय.

प्रथम हे लोक कोण ते पाहू. १८३० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या चोवीस वर्षांच्या तरुणाने एक ख्रिस्ती पंथ स्थापन केला. बायबलच्या जोडीला 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ हे लोक पवित्र मानतात, म्हणून जगाने त्यांना मॉर्मन हे नाव दिले. आपल्या चर्चचे पूर्ण नाव वापरावे, मॉर्मन म्हणू नये, असे त्यांच्या नेत्यांनी २०१८ साली आग्रहाने सांगितले. आम्ही हा शब्द केवळ ओळखीचा म्हणून वापरतो, त्यात अनादर नाही. १८४४ साली इलिनॉय राज्यात कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथ यांना ठार केले. पुढे ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या उजाड खोऱ्यात वस्तीला आले. तेच आजचे युटा राज्य. आज पंथाची सभासदसंख्या १ कोटी ७० लाखांवर आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सभासद अमेरिकेबाहेर राहतात. आपल्या देशातही ते थोडे आहेत. बंगळूर येथे मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ साली झाली. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी हे सर्व त्यांना वर्ज्य आहे. चहावाचून सभा पार पाडणारी ही मंडळी निश्चयाची आहेत, एवढे त्यावरून कळावे.

या पंथात रविवारची प्रार्थना चर्चमध्ये होते, पण मंदिर ही वेगळी वास्तू आहे. प्रौढ सभासद मंदिरात एक विधी करतो आणि देवाला काही वचने देतो. त्या दिवसापासून त्याने किंवा तिने एक विशिष्ट वस्त्र अंगालगत घालावयाचे असते. ते रात्रंदिवस आणि जन्मभर घालावे, असा उपदेश आहे. आज ते बहुधा दोन भागांचे असते. वरचा भाग आपल्या बंडीसारखा, आखूड बाह्यांचा असतो, आणि खालचा गुडघ्यापर्यंत येणाऱ्या चड्डीसारखा. त्यावर काही लहान खुणा असतात. त्यांचा अर्थ हे लोक बाहेर सांगत नाहीत, म्हणून आम्हीही त्यात शिरत नाही. स्नान, पोहणे, खेळ अशा वेळी वस्त्र उतरवता येते. ते जीर्ण झाले तर खुणा कापून नष्ट करावयाच्या असतात, मग उरलेल्या कापडाचे फडके केले तरी चालते.

आपल्याला यात फार नवल वाटू नये. मुंबईचा पारशी नवजोतीनंतर पांढऱ्या मलमलीचा सुदरा अंगालगत घालतो आणि बहात्तर धाग्यांची लोकरीची कुस्ती कमरेला तीन वेढे देऊन बांधतो. शिखांच्या पाच ककारांत कच्छा आहे. मुंज झालेल्याचे जानवे सदऱ्याच्या आतच असते. श्रद्धेची खूण जगाला दाखविण्यापेक्षा स्वतःला आठवण राहावी म्हणून अंगाशी ठेवावी, ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. फरक एवढाच की जानवे दोरा आहे आणि सुदरा सैल मलमल आहे, तर मॉर्मन वस्त्र खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सर्व अंग व्यापते. अडचणीचा प्रारंभ तेथून होतो.

ती अडचण रोजची आणि बारीकसारीक आहे. दुकानात कपडा घेताना रंग आणि किंमत नंतर पाहावयाची. आतली बाही बाहेर दिसेल का, गळ्यातून कड डोकावेल का, हे आधी पाहावयाचे. खुर्चीवर बसले की झग्याखालून गुडघ्याजवळची किनार दिसते, हात वर केला की बंडी वर सरकते. उन्हाळ्यात ॲरिझोना राज्यात पारा चाळिसाच्या वर जातो, फिलिपाइन्समध्ये दमट हवेने कपडे अंगाला चिकटतात, आणि तेथेही सर्वांगावर दुहेरी कापड असते. डॉक्टरपुढे तपासणीसाठी कपडे काढताना परिचारिकेची नजर त्या कापडावर जाते. व्यायामशाळेच्या खोलीत चार लोकांसमोर कपडे बदलताना कोपरा शोधावा लागतो. लष्करातल्या जवानासमोर वेगळाच पेच असतो. गणवेशाच्या आतील बंडी सरकारी नमुन्याचीच हवी, तेव्हा तशी बंडी पाठवून तिच्यावर खुणा करून घेण्याची सोय चर्चने ठेवली आहे.

स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे, आणि ती सांगताना संकोच करून चालणार नाही. पुष्कळ स्त्रिया आधी हे वस्त्र आणि त्यावरून चोळी घालीत आल्या, त्यामुळे कापडाच्या घड्या अंगात रुततात. मासिक अडचणीच्या दिवसांत सैल पायांच्या चड्डीत पट्टी जागेवर राहत नाही, म्हणून आत आणखी एक घट्ट चड्डी येते. गरोदरपणी पोट वाढते, बाळंतपणानंतर मूल अंगावर पिते. त्यासाठी वेगळे नमुने मिळतात, परंतु शरीर दर महिन्याला बदलते आणि नमुना तोच राहतो. ज्या बाईला कृत्रिम धाग्याने पुरळ उठते किंवा ओलाव्याने वारंवार जंतुसंसर्ग होतो, तिने काय करावे?

तिने बोलावे, असे आपण चटकन म्हणू. पण कोणाजवळ? वस्त्र पवित्र, म्हणून त्याची चर्चा उघड्यावर करावयाची नाही. मंदिरात जाण्याचा परवाना दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. त्या वेळी जे प्रश्न विचारतात त्यांत वस्त्र नेमाने घालता का, हाही एक असतो, आणि प्रश्न विचारणारे स्थानिक धर्माधिकारी बहुधा पुरुष असतात. परक्या पुरुषापुढे आपल्या आतल्या कापडाची आणि आजाराची तक्रार कोणती बाई मांडील? बाहेरच्या जगाकडे जावे, तर तेथे चेष्टा होते. 'जादूची चड्डी' हा अमेरिकेतला जुना टवाळीचा शब्द आहे. २०१२ साली मिट रॉम्नी हे मॉर्मन गृहस्थ अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या धोरणाबरोबर त्यांच्या आतल्या कपड्यांचीही चर्चा झाली. या चेष्टेला निमित्त मिळते ते लोकांतल्या कथांचे. हॉटेलव्यवसायातील प्रसिद्ध मॅरियट यांनी १९९६ साली दूरचित्रवाणीवर सांगितले होते की नौकेवरील आगीत आपली विजार जळाली, पण वस्त्राखालचे अंग वाचले. चर्चचा अधिकृत उपदेश मात्र असा की वस्त्र ही दिलेल्या वचनाची आठवण आहे. २०१४ साली चर्चने स्वतःच एक छोटा चित्रपट काढून हे वस्त्र जगाला दाखविले, जोगिणीचा झगा आणि बौद्ध भिक्षूचे काषाय वस्त्र यांच्याशी त्याची तुलना केली आणि टवाळी थांबविण्याची विनंती केली. ती विनंती आम्हांला योग्य वाटते.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात मालकाने बांधणी खात्यातल्या बायकांना कृत्रिम धाग्याचे नवे डगले दिले. खात्यात पंखे थोडे, वर पत्रा. आम्ही त्या वर्षीच्या मागणीपत्रात महागाई भत्ता घातला, बोनस घातला, रजा घातल्या. डगल्याविषयी एक अक्षर नव्हते, कारण सभेत कोणी बोललेच नव्हते. एके दिवशी त्यांतल्या एक वयस्क बाई आमच्या घरी आल्या. आमच्याशी बोलल्या नाहीत. थेट स्वयंपाकघरात जाऊन आमच्या पत्नीला त्यांनी काखेतले आणि कमरेचे फोड दाखविले. रात्री पत्नीने आम्हांला विचारले, "तुमच्या कमिटीत बाई किती?" एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही कमिटीपुढे हा विषय काढला, तर आमचेच दोन सहकारी हसले. त्यांना आम्ही गप्प केले नाही, ही आमची चूक. पुढे त्या बाईंनाच वाटाघाटींना नेले. व्यवस्थापकांनी विचारले, "डगला नको म्हणजे शिस्त नको का?" बाई म्हणाल्या, "साहेब, डगला हवाच. सुती द्या." करार झाला तो सुती डगल्याचा, आणि शिस्तीला काही धक्का लागला नाही.

मॉर्मन स्त्रियांचे म्हणणे याहून वेगळे नाही. २०२१ साली 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने त्यांची हकीकत छापली. त्यांतल्या पुष्कळजणी श्रद्धावान होत्या. वस्त्र टाकून देऊ, असे त्यांचे म्हणणे नव्हते. हवा खेळेल असे मऊ कापड द्या, शिवण टोचणार नाही अशी करा, कमरपट्टा नीट बसेल असा द्या, एवढीच मागणी. आम्हांला ते एखादे मागणीपत्रच वाटले.

अशा मागणीला नेहमी एक उत्तर मिळते: नमुना पवित्र आहे, त्याला हात लावता येत नाही. इतिहास काय सांगतो? १८४२ साली स्मिथ यांच्या हयातीत नॉवू गावी हे वस्त्र प्रथम आले, तेव्हा ते एकसंध होते. बाही मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, गळ्याला कॉलर आणि बांधण्यास बंद. विसाव्या शतकाच्या आरंभीचे नेते त्यात तसूभर फरक करू नये म्हणत. तरीही १९२३ साली बाही कोपरापर्यंत आली, पाय गुडघ्याच्या जरा खाली आले, कॉलर गेली आणि बंदांच्या जागी गुंड्या आल्या. १९७९ साली एकसंध वस्त्राचे दोन भाग करण्यास मान्यता मिळाली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये खांद्यावरचे कापड कमी केलेला, बिनबाह्यांचा नमुना चर्चने जाहीर केला. स्त्रियांसाठी परकराच्या घाटाचा प्रकारही त्यात आहे. उष्ण व दमट देशांना तो आधी देण्याचे ठरले, अमेरिकेची पाळी मागाहून. अमेरिकेतल्या काही स्त्रियांनी तेवढाही धीर न धरता परदेशांतून ते मागविल्याच्या बातम्या आल्या. पण त्याच २०२४ सालच्या वसंत ऋतूत वस्त्र रात्रंदिवस घालण्याचा उपदेश नेत्यांनी पुन्हा ठासून सांगितला होता, हेही ध्यानात ठेवावे. वचन आहे तेथेच राहिले. बदलली ती बाही.

काही विचारी माणसे म्हणतील, इतका त्रास असेल तर टाकून का देत नाहीत? काहीजण टाकतातही, तो त्यांचा अधिकार आहे. पण आम्ही कामगारालाही कधी असे म्हटले नाही की यंत्राजवळ फार उकडते तर नोकरी सोड. ज्याला राहावयाचे आहे त्याला सुखाने राहता आले पाहिजे. त्या घरात बाईचे आईबाप आहेत, नवरा आहे, तिने स्वतः दिलेले वचन आहे. ते सर्व सोड, असे सांगणे सोपे आहे. तिच्या मापाचे कापड मागण्यात तिला साथ देणे कठीण आहे, आणि उपयोगाचे तेच आहे.

दुसरी गोष्ट चेष्टेची. जो हसतो तो त्या बाईचे तोंड बंद करतो. बाहेरचे हसतात म्हणून ती बाहेर सांगत नाही, आतले रागावतील म्हणून आत सांगत नाही. मग फोड तसेच राहतात. १९२३ ते २०२४ या एकशेएक वर्षांत बाही कोपरापासून खांद्यापर्यंत आली. हे अंतर एक वीत असेल. मधल्या काळात किती जणींनी किती उन्हाळे काढले, त्याची नोंद कोणाजवळ नाही.

श्रोत्यांतील पुष्कळजण घरी, कचेरीत, संस्थेत काही ना काही ठरविणारे आहेत. शाळेचा गणवेश ठरतो, परिचारिकांचा पोशाख ठरतो, सफाई कामगारांचे बूट ठरतात. ते ठरविण्याच्या बैठकीत ते अंगावर वागविणारे कोणी बसलेले असते का, एवढे पुढच्या खेपेस पाहावे. नसेल तर एक खुर्ची अधिक मांडावी आणि त्या खुर्चीवरून कोणी बोलू लागले तर हसू नये. आमच्या कमिटीत ती खुर्ची उशिरा आली, हे आम्ही सांगितलेच आहे.