पडणारी, विसरणारी आई आणि आपण

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे आमची आई मोरीत पडली. तिचे वय ७८. आवाज ऐकून धावलो तर ती कट्ट्याला पाठ टेकून, डावा हात उजव्या हातात धरून बसलेली. अशा वेळी मुलाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघावा? आम्ही ओरडलो, "तुला किती वेळा सांगितलं, दिवा लावून जात जा म्हणून!" ती काही बोलली नाही. नुसती आमच्याकडे पाहत राहिली.

मनगटावर निभावले. सहा आठवडे प्लास्टर राहिले, हात बरा झाला. पण आमचे ते वाक्य आजही आम्हाला टोचते. कारण नंतर ध्यानात आले की मोरीच्या दिव्याचे बटण दाराच्या मागे, तिचा हात पोचणार नाही इतके उंच होते. आणि ते तिथे बसवून घेतले होते आम्हीच.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर ही हकीकत सांगितली, तर एकेकाचे तोंड उघडले. कोणाचे वडील जिन्यावरून घसरलेले, कोणाची सासू रोज संध्याकाळी "मला माझ्या घरी सोडा" म्हणून रडणारी, कोणाचे काका बाजारातून परतीची वाट चुकलेले. वीस वर्षे आम्ही चळवळीत आहोत. मोर्चे काढले, जयंत्या केल्या, मुलांचे वर्ग चालविले. पण आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विषय एकाही सभेत निघाला नव्हता. म्हणून हा लेख.

पडणे हा हट्टीपणा नव्हे

म्हातारी माणसे धांदरट असतात म्हणून पडतात, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसत नाही. मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी होते. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीमुळे उठताना भोवळ येते. मांड्यांची ताकद गेलेली असते आणि त्यात रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते. त्यावर आपली घरे! दहा बाय बाराची खोली, जमिनीवर अंथरुणे, मध्ये मुलांचे पाय, ओली मोरी नाहीतर गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक संडास. अशा घरात तरणा माणूसही ठेचकाळतो.

तेव्हा म्हाताऱ्या माणसाला बदलण्याआधी घर बदलावे. आम्ही केलेल्या गोष्टी साध्या आहेत. बटण खाली घेतले. रात्रभर झिरोचा दिवा ठेवला. मोरीत आणि संडासात भिंतीला धरायला लोखंडी दांडी ठोकून घेतली. गुळगुळीत फरशी रोज साबण लावून घासली, वर खरखरीत रबरी पट्टी टाकली. झिजलेली हवाई चप्पल फेकून मागे पट्टा असलेली चप्पल आणली. आईचे अंथरूण जमिनीवरून बुटक्या खाटेवर नेले. झोपेतून उठल्यावर खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, मगच उभे राहायचे, ही सवय लावली. तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवल्या. एक गोळी त्यांनी कमी केली.

काठीला मात्र ती तयार होईना. "काठी घेतली की लोकं म्हणतील, म्हातारी संपली." तेव्हा आम्ही तिला १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा प्रसंग सांगितला. धम्मदीक्षेच्या दिवशी बाबासाहेब व्यासपीठावर आले तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर होता. लाखो लोकांना ज्यांनी उभे केले, त्यांनी स्वतः उभे राहण्यासाठी आधार घेण्यात कमीपणा मानला नाही. दुसऱ्या दिवशी आईने काठी हातात घेतली. काठीची मूठ माणूस सरळ उभा असताना मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी, खाली रबरी बूच असावे आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात ती धरावी.

पडल्यावर काय करावे

पडलेल्या माणसाला घाईने ओढून उभे करू नये. आधी कुठे दुखते ते विचारावे. पाय उचलता येत नसेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, एक पाय आखूड दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता मोठी. तेल लावून चोळू नये, हाडवैद्याकडे नेऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. "या वयात ऑपरेशन कशाला?" असे म्हणून घरीच निजवून ठेवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. खुबा मोडलेला माणूस अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो आणि त्यातच तो जातो. ऑपरेशन लवकर झाले तर तो लवकर बसता होतो. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच करावा, पण वयाचे कारण पुढे करून टाळू नये.

डोक्याला मार लागला असेल तर अधिक जपावे. म्हातारपणी मेंदूभोवती रक्त हळूहळू साठते आणि त्याची लक्षणे कधी कधी काही आठवड्यांनीही दिसतात. डोके दुखणे, उलटी, गुंगी, एका बाजूची ताकद जाणे, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काही दिसले तर लगेच इस्पितळात न्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगावे.

विसरणे म्हणजे नाटक नव्हे

प्लास्टर निघाल्यावर दुसरी गोष्ट पुढे आली. आई भाजीत दोनदा मीठ घालू लागली. सकाळची गोळी घेतली हे विसरून पुन्हा घेऊ लागली. आणि एक दिवस तिने आमच्या पत्नीवर आळ घेतला, "माझे पेन्शनचे पैसे हिनंच काढले." तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही. चौथ्या दिवशी पैसे तांदळाच्या डब्यात सापडले. आईनेच ठेवले होते, आणि ठेवल्याचे विसरली होती.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावले की स्मृती जाण्याच्या आजारात हा आळ अगदी नेहमीचा आहे. वस्तू सापडत नाही, आपण ती ठेवली हे आठवत नाही, मग मेंदू एकच उत्तर काढतो : कोणीतरी चोरली. आणि जी व्यक्ती सर्वांत जास्त सेवा करते, सर्वांत जवळ वावरते, तिच्यावरच संशय येतो. हे कळले असते तर ते तीन दिवस आमच्या पत्नीने रडून काढले नसते. अशा आळापायी किती घरे फुटली असतील, कोण जाणे.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे आहे. चष्मा कशासाठी असतो हे विसरणे हा आजार आहे. त्यातही सगळे विसरणे सारखे नसते. एक-दोन दिवसांत अचानक बरळणे, माणसे न ओळखणे सुरू झाले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे, नवे औषध, अशी कारणे त्यामागे असतात आणि ती बरी होऊ शकतात. हळूहळू वाढणाऱ्या विसरण्यातही बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मनाची उदासी, ऐकू न येणे ही कारणे आधी तपासावी लागतात. हे काही नसेल, तर अल्झायमरसारखा आजार असू शकतो. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉईस अल्झायमर यांनी त्याचे पहिले वर्णन केले. तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. पण साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, मिश्री-तंबाखू सोडणे, चालणे-बोलणे चालू ठेवणे, याने माणसाचे दिवस नक्कीच बरे जातात.

शेजारच्या एका मावशींनी सुचविले, "बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून घ्या." बाबीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात हे बोलले जाते, याचे आम्हाला वाईट वाटले. मेंदूच्या आजाराला भगताचा अंगारा नव्हे, डॉक्टर लागतो. उपचाराच्या नावाखाली मारहाण करणाऱ्या मांत्रिकाविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाही आहे.

बोलावे कसे

"ओळख बघू, मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नये. आपणच नाव सांगून जवळ बसावे. गेलेल्या भावाची ती वाट पाहत असेल तर "तो कधीच मेला" असे दर वेळी सांगून तिला दर वेळी नव्याने रडवू नये. त्या भावाच्या आठवणी विचाराव्यात. वाद घालू नये, विषय बदलावा. गॅसचे बटण रात्री खालून बंद करावे, गोळ्या आपल्या हाताने द्याव्यात, पोलक्याच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवावी.

चाळीत एक बरे होते, हरवलेल्या आजीला कोणीही हात धरून आणून सोडायचे. आता पुनर्विकास सुरू आहे. २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण सगळे मजले सारखे, सगळी दारे सारखी, दारे बंद. अशा ठिकाणी विसरणारे माणूस गोंधळते. दारावर ओळखीची खूण लावावी, लिफ्टजवळच्या रखवालदाराला आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. यात लाज कसली?

आणि एक लक्षात ठेवावे : जुने सगळ्यांत शेवटी जाते. सकाळी जेवलो की नाही हे आमच्या आईला आठवत नाही. पण ७ डिसेंबर १९५६ ला, नऊ वर्षांची असताना, वडिलांचा हात धरून दादरला पाहिलेली ती रडणारी गर्दी ती आजही सांगते. त्रिसरण-पंचशील एकही शब्द न चुकता म्हणते. वामनदादांचे गाणे लागले की टाळी धरते. म्हणून तिला घरात कोंडू नये, विहारात न्यावे.

सेवा कोणी करायची?

आता कार्यकर्त्यांना, म्हणजे स्वतःलाही, एक कडू गोष्ट सांगायची आहे. आम्ही संध्याकाळी सभेला जात होतो आणि आईला धुणे, भरवणे, उठवणे पत्नी करत होती. तीही दिवसभर कामाला जाते. पोटच्या पोराने समतेवर भाषण करायचे आणि सुनेने अंथरूण धुवायचे, ही कोणती समता?

विनयपिटकातली कथा आपण ऐकली आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. तो आपल्या उपयोगी पडत नाही म्हणून इतरांनी त्याला सोडून दिले होते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. आणि भिक्खूंना बजावले की रोग्याची सेवा ही माझीच सेवा आहे. तिथे कोणी म्हटले नाही की हे बायकांचे काम आहे.

आता रात्र आमची. रविवार धाकट्या बहिणीचा, महिन्यातले आठ दिवस कल्याणच्या भावाकडे. दोन सभा आम्ही सोडल्या. एक जण म्हणाले, "घरी बायका नाहीत का?" आम्ही म्हटले, "आहेत. त्याही माणसेच आहेत." सेवा करणाऱ्यालाही झोप लागते, सुट्टी लागते. तीही चिडते, म्हणून ती वाईट ठरत नाही.

मदत आहे, मागावी लागते

सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे इस्पितळातले उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. कामगार विमा असलेल्यांच्या अवलंबून असणाऱ्या आईवडिलांनाही त्या योजनेतून उपचार मिळतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आजारासाठी १४४१६ हे फोन नंबर लिहून ठेवावेत. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याने आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे पोटगीचा अर्ज करता येतो. पण ती वेळ आपल्या घरात का यावी?

आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक विहाराने पायऱ्यांना कठडा बसवावा, वंदनेला वृद्धांसाठी खुर्च्या ठेवाव्यात आणि आठवड्यातून दोन तास दोन तरुणांनी एखाद्या घरी म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, म्हणजे त्या घरची सून मोकळा श्वास घेईल. याला वर्गणी लागत नाही.

परवा आईने आम्हाला विचारले, "तुम्ही कुठले, बाबा?" घशात काही अडकले. पण परीक्षा घ्यायची नाही, हे आम्ही शिकलो होतो. म्हटले, "मी तुझा धाकटा, आई. इथलाच." ती हसली आणि म्हणाली, "मग जेवून जा."

बंधू-भगिनींनो, हा अंक बाजूला ठेवल्यावर एक काम करा. उठा आणि तुमच्या घरातल्या मोरीच्या दिव्याचे बटण कुठे आहे ते पाहा.

जयभीम.