मोत्यांच्या हारावर हवेली!

लुई-फ्रान्स्वा कार्तिएने १८४७ मध्ये पॅरिसला आपल्या उस्तादाचा दागिन्यांचा कारखाना चालवायला घेतला. मुलगा आल्फ्रेडने तो सांभाळला, पण खरी धमाल केली तीन नातवांनी. लुई पॅरिसला, जाक लंडनला, पिएर न्यूयॉर्कला. १९१७ मध्ये पिएरने फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची अख्खी हवेली मिळवली, तीही दोनपदरी मोत्यांचा हार आणि वर रोख १०० डॉलर देऊन! घरमालकाच्या बायकोचा त्या हारावर जीव जडला होता. हाराची तेव्हाची किंमत दहा लाख डॉलर. पुढे जपानचे कल्चर्ड मोती बाजारात आले आणि नैसर्गिक मोत्यांचे भाव कोसळले. सौदा कोणाला फळला, सांगायला नकोच! आज धंदा कार्तिए घराण्याकडे नाही, पण त्या हवेलीत दुकान अजून चालू आहे.