खात्यापित्या कालवांवर पहिला घाव

२००८ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर जाळीच्या पिशव्यांत वाढवलेली, वर्षभराच्या आतली कालवं भराभर मरू लागली. काही ठिकाणी तर जवळजवळ सगळं बी, म्हणजे कालवांची पिल्लं, गेलं. मारेकरी होता कालवांच्या हर्पिस विषाणूचा ‘मायक्रोव्हार’ हा प्रकार. माणसाला तो बाधत नाही. २०१० मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही त्याने असाच हाहाकार उडवला. गंमत म्हणजे ही कालवं मुळात जपानची. १९७० च्या सुमारास फ्रान्समधली पोर्तुगीज कालवं रोगाने संपली, म्हणून ही जपानी कालवं आणली गेली होती. त्या रोगामागेही विषाणूच असल्याचं मानलं जातं.

पाणी साधारण १६ अंशांवर गेलं की हा विषाणू उचल खातो. कालवाला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. संरक्षणाचा सगळा भार रक्तपेशींवर. विषाणू नेमका त्याच पेशींत शिरतो. त्या दुबळ्या झाल्या की एरवी गुण्यागोविंदाने राहणारे व्हिब्रिओसारखे जिवाणू रक्तात मोकाट सुटतात. म्हणजे दार फोडतो विषाणू आणि घर लुटतात जिवाणू. फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये हा क्रम उलगडून दाखवला.

विषाणूला स्वतःची चयापचय यंत्रणा नाही. आपल्या प्रती काढायला लागणारी ऊर्जा आणि कच्चा माल तो कालवाच्या पेशीकडूनच उकळतो. लागण झालेल्या पेशी साखर जाळण्याचा वेग वाढवतात, ग्लायकोजेनचा साठा उपसला जातो. तिकडे प्रतिकारालाही हीच ऊर्जा हवी असते. मग धष्टपुष्ट पिल्लू तरून जायला हवं, असं आपल्याला वाटेल. पण काही प्रयोगांत भरपूर खाऊन झपाट्याने वाढणारी पिल्लंच जास्त मेली, अर्धपोटी ठेवलेली तगली. वाढीसाठी जोरात चाललेली पेशी विषाणूलाही सोयीची पडते, असा त्याचा अर्थ लावला जातो. शेतकऱ्याला मात्र हवं असतं झटपट वाढणारंच बी!

प्रतिपिंडं नसली तरी कालव अगदीच निराधार नाही. विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारं कृत्रिम द्रव्य टोचलं, तर पुढे कित्येक महिने कालव या रोगाला दाद देत नाही. पण समुद्रातल्या प्रत्येक पिल्लाला सुई कोण टोचणार? व्यवहारात उपयोगी पडते ती निवड पैदास. जगलेल्यांची पिढी वाढवत गेलं की मरतुकीत मोठी घट होते, हे फ्रान्समध्ये सिद्ध झालं आहे. बी विकणाऱ्यांनी आता वाढीचा वेग सांगण्याआधी शंभरातली किती जगतात, ते सांगावं.