मुलांना समुद्र दाखवताना

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील मुलांच्या ओळखीचे पाणी म्हणजे तलावाचे: शांत आणि चारी बाजूंनी काठ असलेले. अशा मुलाने समुद्र प्रथम पाहिला म्हणजे ते साहजिकच विचारते, "याचा पलीकडचा काठ कोठे आहे?" हा प्रश्न ऐकण्यासाठी शनिवार-रविवारची दगदग सोसावयास कोणतेही आईबाप तयार होतील. परंतु तलावाची सवय समुद्रावर चालत नाही, हे निघण्यापूर्वीच ध्यानात घेतले पाहिजे.

मराठी कुटुंबांना या सहलीसाठी कारवार विशेष जवळचे वाटते. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आजही तेथील बाजारात कोकणी व कानडीबरोबर मराठी कानी पडते. संध्याकाळी बंगळुरूहून सुटणारी गाडी सकलेशपूर ते सुब्रह्मण्य या घाटातील ५७ बोगदे मुलांच्या झोपेतच मागे टाकते आणि सकाळी कारवारला पोचते. गावाला लागूनच लांबरुंद पुळण आहे. उत्तरेस काळी नदीचे मुख आणि नदीपलीकडे सदाशिवगड दिसतो. १८८३ साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर येथे आपले वडील बंधू, न्यायाधीश सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. ही पुळण आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तेथे पोचल्यावर पहिले काम म्हणजे एखाद्या अनुभवी कोळ्याला भरती-ओहोटीच्या वेळा विचारणे. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद भरती असते. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत शिंपले व खेकड्यांची बिळे शोधण्यात लहान मुलांचे दोन तास सहज जातात. त्यासाठी पाण्यात उतरण्याची गरजही नसते.

पाण्यात जावयाचेच असेल, तर एक गोष्ट समजून घ्यावी. किनाऱ्यावर आलेले लाटांचे पाणी कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परत जाते. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत. त्यामुळे तो शांत दिसतो आणि अजाण माणूस नेमका तेथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध झगडू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे. नदीच्या मुखाजवळ तर मुळीच उतरू नये, कारण ओहोटीच्या वेळी नदी आणि समुद्र दोघांचेही पाणी बाहेर ओढत असते. पावसाळ्यात समुद्र दुरूनच पाहावा. याच किनाऱ्यावर मुरुडेश्वर येथे डिसेंबर २०२४ मध्ये सहलीस आलेल्या कोलार जिल्ह्यातील चार विद्यार्थिनी बुडाल्या. तेव्हा पावसाळा नव्हता, हेही विसरू नये.

बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. म्हणून पाणी गुडघाभर असले तरी मूल हाताच्या अंतरावरच असावे. दोन मुले असतील तर आईने एक व वडिलांनी एक, अशी वाटणी आधीच करावी. "दोघांपैकी कोणीतरी पाहत असेलच" या समजुतीने पुष्कळदा कोणीच पाहत नसते. छायाचित्रे मागाहून, वाळूवर बसून काढता येतात.

कारवारच्या मुक्कामात रवींद्रनाथांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक लिहिले. सर्वसंगपरित्याग केलेल्या एका संन्याशाला एक अनाथ मुलगी आपल्या मायेने पुन्हा जगाकडे वळवते, असे त्याचे कथानक आहे. त्या पुळणीवर उभे राहून क्षितिज अवश्य पाहावे. पण आपल्या बोटाला धरलेल्या लहान हाताचा विसर क्षणभरही पडू देऊ नये. तो हात सुखरूप घरी परतला, तरच पुढच्या सुट्टीत "पुन्हा समुद्रावर केव्हा जावयाचे?" हा प्रश्न ऐकावयास मिळेल.